गौरीचे काजळ

आज हरितालिका. वाळूच्या शिवलिंगाची पूजा मांडण्यापूर्वी घरोघरी आरशासमोर अंमळ अधिक वेळ जातो. त्यात आम्हांस दोष दिसत नाही. मात्र तो वेळ कुंकू, काजळ, वेणी यांत जात नाही. नित्याच्या गोष्टी हात आपोआप करतात. नित्यव्यवहार सवयीच्या स्वाधीन केले, की मन मोठ्या कामास मोकळे राहते, हे विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या ग्रंथात मांडले. मन थकते ते ओठांवर चार छटा लावून पुसताना, चारचौघींत कसे दिसेल या चिंतेने.

‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात पार्वतीला विवाहासाठी सजवायला बसलेल्या स्त्रियाही क्षणभर थबकतात. साहित्य जवळच असते. पण तिचे मूळचे रूपच त्यांची दृष्टी वेधून घेते. पुढे काजळ घालतात, ते शोभा वाढेल म्हणून नव्हे, मंगल म्हणून, असे कालिदास मुद्दाम सांगतो. कीर्तनात आम्ही येथे हटकून थांबतो. हेतू ठरला, की निवडीचा घोळ उरतोच कुठे?

हीच पार्वती पाचव्या सर्गात स्वतः हार उतरवून वल्कल नेसली होती. व्रतकथेत तर पित्याने योजिलेला वरही तिने नाकारला. निवड करावयाची ती तिने तेथे केली.

आणि तिची आई? कन्येच्या हाती मंगलसूत्र बांधताना मेनेचे डोळे भरून आले, लोकरीचा तो दोरा भलत्याच जागी बसला. दाईने तो बोटांनी हलकेच सरकवून नीट केला.