वाहकाची ड्युटी

पहाटे ४.४५ : एसटीच्या डेपोत वाहक तिकिटाचं यंत्र, बॅग आणि वेबिल ताब्यात घेतो. सुट्टे कमीच मिळतात. आजची भांडणं इथूनच बॅगेत बसतात.

६.०० : पहिली फेरी. दूधवाले, कॉलेजची मुलं. सगळे ओळखीचे.

८.३० : गाडी खचाखच. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास. निर्णय चांगलेच आहेत. पण जाहीर होतात मुंबईत आणि वयाचा पुरावा मागायचा तो वाहकानं. "पांढरे केस दिसत नाहीत का?" असं ऐकून घ्यायचं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हाही जाब त्यालाच विचारला गेला. दर ठरवणारे गाडीत नसतात.

११.१५ : थांबा नसलेल्या फाट्यावर एकाला उतरायचंय. वाहक बेल मारत नाही. आधी शिवी, मग कॉलर, मग धक्का. वाहकाच्या एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात नोटा. आधाराला दांडा धरायला हात मोकळाच नसतो. चालत्या गाडीत तो पडतो तो थेट सीटच्या लोखंडी कडेवर. भुवई फुटते, बरगडीला मार बसतो.

११.४५ : गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात. सरकारी कर्मचाऱ्याला कामावर असताना मारहाण म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५३. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा आहे, साक्षीदार मात्र नाही. ज्यांनी सगळं पाहिलं तेच म्हणतात, "मास्तर, मिटवा, आम्हाला उशीर होतोय." गावातली चार माणसं येतात : "पोरगं आहे, सोडा." उद्या याच रस्त्यावर याच लोकांना तिकीट द्यायचंय. तो मिटवतो. हा प्रकार मला धक्क्याहून वाईट वाटतो, कारण मारणाऱ्याला उद्यासाठी मोकळीक मिळते.

२.३० : डेपोत हिशेब. झटापटीत पडलेल्या नोटांची तूट खिशातून भरायची. मग दवाखाना.

तुम्ही त्या गाडीत असाल तर उठून उभे राहा, मारणाऱ्याला आवरा आणि ठाण्यात साक्षीदार म्हणून आपलं नाव लिहून द्या. तुमचा अर्धा तास जाईल, पण तक्रार टिकेल.