अंतर १,४०० किमी जास्त, तरी विमान लवकर पोहोचलं! हे कसं काय?

मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आणि आईबाबा पहिल्यांदाच एकटे विमानाने निघालेत. अशा वेळी घरात कुणीतरी गुगल करतंच: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती? उत्तर येतं, साधारण १२,४०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला, तर पावणेचौदा तास. पण तिकिटावरचा प्रवास यापेक्षा मोठा असतो. का?

कारण १२,४०० हे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आहे. तो दोरा तिबेट, चीन, सायबेरिया आणि आर्क्टिकवरून जातो. विमान सहसा तसं जात नाही. तिबेट तर शक्यतो टाळतातच. केबिनमधला हवेचा दाब अचानक कमी झाला, तर विमान साधारण तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं. तिथे जमीनच त्याहून उंच आहे!

आता खरी गंमत. सॅन फ्रान्सिस्को हे दिल्लीहून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला आहे. त्यामुळे पश्चिमेकडून, म्हणजे अटलांटिकवरून जा किंवा पूर्वेकडून पॅसिफिकवरून, दोन्ही चालतं. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने पॅसिफिकचा रस्ता धरला. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, पण विमान साधारण साडेचौदा तासांत पोहोचलं.

श्रेय वाऱ्याला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. समजा मागून ताशी १४० किमीचा वारा आहे. मग ९०० च्या विमानाचा जमिनीच्या हिशोबाने वेग होतो १,०४०. १५,३०० किमीला पावणेपंधरा तास पुरतात. उलट दिशेने समोरून फक्त २५ चा वारा असला, तरी १३,९०० किमीला जवळपास सोळा तास लागतात.

वाऱ्यासारखंच राजकारणही वेळ बदलतं. रशियाची हवाई हद्द बंद झाल्यावर २०२२ मध्ये युनायटेडने आपली दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं.

आणि तिकिटावरच्या वेळा बघून घाबरू नका. समजा, पहाटे ४ ला निघून त्याच तारखेला सकाळी ७ ला पोहोचणार असं लिहिलंय. तीन तासांत अमेरिका? नाही हो. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे उन्हाळ्यातला हा प्रवास साडेपंधरा तासांचा. आईबाबांच्या गोळ्यांच्या वेळा लावताना हाच आकडा धरा, गुगलचे किलोमीटर नको.