कालवांचा बांध

मालवणजवळच्या देवबागात एका बाजूला अरबी समुद्र, माडांतून मान वळवली की दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर अख्खं गाव. पावसाळ्यात उधाण आलं की ही पट्टी आणखी थोडी झिजते आणि गावाची जुनीच मागणी पुन्हा वर येते: धूपप्रतिबंधक बंधारा.

बंधारा म्हणजे दगड, नाहीतर काँक्रीटचे चौपायी ठोकळे. लाट त्यावर आपटून मागे फिरते, पण फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. बंधारा खचतो. खचला नाही तर तो जिथे संपतो, तिथून पुढचा किनारा खाल्ला जातो. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजताना दिसला. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.५ टक्के होतं.

दोष सगळा समुद्राचाही नाही; नद्यांवरच्या धरणांचाही आहे. म्हैसूर जिल्ह्यातलं एच. डी. कोटे समुद्रापासून किती लांब! तिथे बीचनहळ्ळीला कबिनी नदीवर १९७४ मध्ये धरण झालं. वायनाडातून येणारं पाणी जलाशयात संथ होतं आणि त्यातली वाळू, गाळ तळाशी बसतो. पाणी पुढे कावेरीतून बंगालच्या उपसागराकडे जातं, पण वाळूचा मोठा वाटा वाटेतच राहतो. अशी धरणं जवळपास प्रत्येक मोठ्या नदीवर आहेत. किनाऱ्याची वाळू लाटा नेतात, आणि तिची भरपाई करणारी नदी रिकाम्या हाताने येते.

अशा झिजणाऱ्या किनाऱ्यांवर काही देशांनी कालवांना कामाला लावलं आहे. कालवण करून खातात, तीच ही कालवं. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग कठीण जागा शोधून तिथे जन्मभरासाठी चिकटतं. त्याला सगळ्यांत आवडते ती आपल्याच जातीच्या शिंपल्याची पाठ. पिढीवर पिढी चढत जाते आणि खडबडीत बांध तयार होतो. त्याच्या फटींमध्ये लाटेचा जोर मोडतो, मागच्या शांत पाण्यात गाळ साचतो. दगडी बंधाऱ्याला तडा गेला की ठेकेदार बोलवावा लागतो. हा बांध जिवंत असेतो स्वतःच वाढत राहतो.

बांगलादेशातल्या कुतुबदिया बेटावर संशोधकांनी काँक्रीटच्या रिंगा चिखलात मांडल्या. त्यांवर कालवं धरली, रिंगांमागे गाळ थांबला आणि खारट जमिनीतलं गवत समुद्राच्या दिशेने सरकलं. पण रिंगांच्या फार वर पाणी चढलं, की लाटा त्यांना न जुमानता वरून निघून जातात. न्यूयॉर्कमध्ये २०१४ पासून एक संस्था हॉटेलांतले शिंपले गोळा करून, त्यांवर पिल्लं बसवून ती बंदरात सोडते. तिथल्याच, २०१२ च्या सँडी वादळाने झोडपलेल्या स्टेटन बेटासमोर २०२४ पर्यंत आठ लाटरोधक बांध उभे राहिले. तिथे लाट अडवण्याचं काम दगडच करतात, पण त्यांच्या फटी कालवांना आसरा मिळेल अशा ठेवल्या आहेत.

मग देवबागात हे चालेल का? समुद्राच्या अंगाला नाही. आषाढातल्या कोकणी लाटेसमोर कोवळी कालवं टिकायची नाहीत. खाडीच्या अंगाची गोष्ट वेगळी: तिथे पाणी संथ, चिखल आणि कांदळवनही आहे. प्रयोग करायचाच तर तिथे.

कालवं कोकणाला नवी नाहीत. ओहोटीला बायका खडकांवरून ती फोडून आणतात. राज्याच्या कांदळवन कक्षाने खाड्यांमध्ये बचत गटांकडून कालवांची शेतीही करून घेतली आहे. पण शेतीत पीक काढून विकायचं असतं आणि बांधात ते वर्षानुवर्षं जागच्या जागी राहू द्यायचं असतं. ज्या बायकांची दोन पैशांची कमाई या कालवांवर आहे, त्यांनी नेमका तोच खडक का सोडावा? हा प्रश्न अभियंत्याच्या नकाशात कुठे सापडत नाही. कुठल्या खडकावर पिल्लं दाट धरतात आणि कुठल्या महिन्यात, हे मात्र त्याच बायकांना ठाऊक असतं.