अस्वल आणि मोहाची फुले

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिला लागणारे लोहखनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून येऊ लागले व पुढे अनेक दशके तेथूनच येत राहिले. खनिजाने भरलेल्या आगगाड्या जेथून सुटतात, तेथील खडकाळ टेकड्यांत अस्वलांची वस्ती कारखान्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. दल्ली-राजहरा, त्याच्याही दक्षिणेचे कांकेर आणि उत्तरेस बिलासपूरपलीकडील मरवाही या भागांत दिवेलागणीनंतर वस्तीच्या कडेला अस्वल दिसले, तर लोकांना भय वाटते. नवल मात्र वाटत नाही.

त्याच १९५९ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, फ्रँक व जॉन क्रेगहेड या जुळ्या बंधूंनी अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ग्रिझली जातीच्या अस्वलांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. अस्वलाच्या गळ्यात रेडिओ-प्रेषक बसविलेला पट्टा बांधून त्याच्या मागावर राहण्याची युक्ती त्यांनी १९६१ मध्ये यशस्वी केली. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान, स्थापना १८७२ ची. तेथील उपाहारगृहांचे उष्टे-खरकटे उघड्या उकिरड्यांवर टाकले जाई व त्यावर अस्वलांचे थवेच्या थवे जमत. एके काळी हा देखावा पाहण्यासाठी प्रवाशांकरिता बाके मांडलेली होती! परंतु खरकट्याची चटक लागलेले अस्वल माणसाला भीत नाही, हे हळूहळू सर्वांच्या ध्यानी आले. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ग्लेशियर नावाच्या दुसऱ्या उद्यानात एकाच रात्री दोन तरुणी ग्रिझलींच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडल्या, आणि प्रश्न ऐरणीवर आला.

१९७० च्या सुमारास यलोस्टोनचे उकिरडे बंद करण्यात आले. ते क्रमाक्रमाने बंद करावे, असा क्रेगहेड बंधूंचा आग्रह होता; उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी ते झटपट बंद केले. उपासमारीमुळे अस्वले प्रवाशांच्या तळांवर शिरू लागली व त्यांपैकी अनेकांना ठार करावे लागले. या वादात क्रेगहेडांची बाजू अधिक सयुक्तिक होती, असे आज मागे वळून पाहता वाटते. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण मिळाले. अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेट्या आल्या, खाऊ घालण्याची बंदी कडकपणे अमलात आली, आणि दोनशेहूनही कमी उरली आहेत असे मानली गेलेली यलोस्टोन परिसरातील ग्रिझली अस्वले पुढे सातशेच्या वर गेली. माणसाचे अन्न आणि अस्वलाचे अन्न यांची फारकत करणे, एवढेच या यशाचे रहस्य.

ही फारकत छत्तीसगढमध्ये करावयाची म्हटले, तर ती कोठे करावी? हे समजण्यासाठी प्रथम आपल्या अस्वलाची ओळख करून घेतली पाहिजे.

भारतीय अस्वल ग्रिझलीच्याच कुळातले, पण त्याची राहणी निराळी. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या लांब नख्या पाहून त्याची गणना दक्षिण अमेरिकेतील ‘स्लॉथ’ या फांद्यांना लोंबकळणाऱ्या प्राण्यात केली. चूक लवकरच दुरुस्त झाली. इंग्रजी नावातील ‘स्लॉथ’ मात्र कायमचा चिकटून राहिला. वास्तविक त्या नख्या वारुळे फोडण्यासाठी आहेत. वाळवी व मुंग्या हे या अस्वलाचे बारमाही अन्न. वारूळ उकरल्यावर ते आधी जोराची फुंकर मारून माती उडविते, मग नाकपुड्या मिटून व ओठ नळीसारखे पुढे काढून वाळवी शोषून घेते. वरच्या जबड्यातील मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून किडे सुलभपणे आत ओढले जातात. हा शोषण्याचा आवाज शांत रानात शंभर मीटरांहूनही दूर ऐकू येतो. ग्रिझलीप्रमाणे ते हिवाळाभर गुहेत झोपून राहत नाही. मादी थंडीच्या दिवसांत गुहेत बहुधा एक किंवा दोन पिलांना जन्म देते आणि पुढे कित्येक महिने त्यांना पाठीवर घेऊन हिंडते.

त्याची दृष्टी मंद, घ्राणेंद्रिय अतिशय तीक्ष्ण. खाण्यात गढलेले असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी पुष्कळदा अंगावर येते. हजारो वर्षे वाघाच्या शेजारी राहिलेल्या या प्राण्याला उलटून लढण्याची सवय जडली, अशी उपपत्ती प्राणिशास्त्रज्ञ मांडतात. हल्ला क्षणा-दोन क्षणांचा असतो, पण घाव डोक्यावर व चेहऱ्यावर बसतात. अखंड मध्य प्रदेशात, म्हणजे आजच्या छत्तीसगढसह, एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत ७३५ माणसांवर अस्वलांचे हल्ले झाले. त्यांतील ४८ दगावली. उरलेल्यांपैकी कित्येकांना आपला विद्रूप चेहरा आयुष्यभर वागवावा लागला, तो कोणत्याही कोष्टकात येत नाही.

आता मोहाकडे वळू. विदर्भातील वाचकाला या झाडाची महती सांगावयास नको. मार्च-एप्रिलमध्ये रानात दुसरे फारसे काही उरलेले नसताना मोहाची रसाळ फुले रात्रीतून टपटप गळतात. ती वेचून, वाळवून विकणे हा गोंड व इतर आदिवासी कुटुंबांचा उन्हाळ्यातील मोठाच आधार. अस्वलालाही ती तितकीच प्रिय. (मोह खाऊन अस्वल झिंगते, ही कथा सर्वत्र ऐकू येते. ताज्या फुलात साखर असते, मद्य नसते. ते आंबविल्यावर तयार होते.) गुरांच्या व शेजाऱ्यांच्या आधी फुले हाती लागावीत म्हणून बायका व मुले टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच झाडाखाली येतात. नेमक्या त्याच वेळी रात्रभर चरलेले अस्वल शेवटचे घास घेत असते. मेमध्ये तेंदूपत्त्याची तोडणी येते. टेंभुर्णीची फळे अस्वलाची, पाने माणसाची. पुढे जांभळे, बोरे, बहाव्याच्या शेंगा. म्हणजे येथे अस्वल माणसाच्या ताटाशी आलेले नसून दोघे एकाच ताटात जेवत आहेत. यलोस्टोनची कचरापेटी या ताटावर झाकण घालू शकत नाही.

शिवाय येथे उद्यानाची सीमा नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी उत्तर बिलासपूर वनविभागात, ज्यात मरवाहीचा प्रदेश येतो, एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळातील घटनांचा मागोवा घेतला, तेव्हा १३७ हल्ले व ११ मृत्यू आढळले. हल्ले पावसाळ्यात अधिक, आणि पुष्कळसे घनदाट अरण्यात नव्हे, तर परसबागांत, शेतांत व लगतच्या रानात झालेले. जंगलाचे तुकडे पडले, परंतु शेतांच्या मध्ये उभ्या असलेल्या खडकाळ टेकड्या व त्यांतील गुहा तशाच राहिल्या. अस्वल दिवसा तेथे विसावते व रात्री खाली उतरते. पावसात झाडोरा माजला की ते चार पावलांवर असूनही दिसत नाही.

उलट टोकाचे दृश्य महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळील घुंचापाली येथे दिसते. तेथील चंडीमातेच्या मंदिरात सायंकाळी रानातील अस्वले प्रसाद खावयास येतात व दर्शनार्थी त्यांना जवळून भरवितात. भाविकांच्या मनात जिव्हाळा असतो, यात शंका नाही. पण यलोस्टोनच्या बाकांवर बसलेल्या प्रवाशांच्याही मनात दुष्टावा नव्हता.

अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याची शिकार करता येत नाही. एकास पकडून दूर सोडले तरी ती गुहा आणि ते मोहाचे झाड दुसऱ्या अस्वलाला मोकळे होते. छत्तीसगढच्या वनखात्याने कांकेर येथे रामायणातील जांबुवंताच्या नावाने ‘जामवंत परियोजना’ हाती घेतली. टेकड्यांवरच बोर, जांभूळ, पेरू यांसारखी फळझाडे लावावीत, म्हणजे अस्वलाला गावात उतरण्याची गरज उरणार नाही, ही तिच्यामागील कल्पना. कल्पना योग्य आहे. परंतु रोपाला फळ धरावयास वर्षे लागतात व तोवर त्याला गुरांपासून राखावे लागते, आणि कांकेरच्या वस्तीत अस्वले शिरण्याचे काही थांबलेले नाही.

साधे उपाय मात्र आजही हाताशी आहेत. एकट्याने न जाता चौघांनी मिळून, बोलत जाणे. गुहेजवळचे झाड सोडून देणे. उजाडल्याखेरीज झाडाखाली न वाकणे. यांतील शेवटचे सांगणे सोपे, करणे अवघड, कारण उशिरा येणाऱ्याच्या टोपलीत फुले कमी पडतात. अलीकडे काही गावांत मोहाच्या झाडाखाली जाळी ताणून फुले अधांतरी झेलण्याची रीत सुरू झाली आहे. ती निघाली स्वच्छ मालाला चांगला भाव मिळावा म्हणून. अस्वलाचा विचार तीत नव्हता. तरी जाळीत पडलेली फुले मातीत मिसळत नाहीत, गुरांच्या तोंडी लागत नाहीत आणि सूर्य वर येईपर्यंत तशीच राहतात. वेचणारी बाई तोवर घरी थांबू शकते.