पिकअपचा प्रोपेलर शाफ्ट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे अशा पिकअपमध्ये गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट पोहोचवतो. शाफ्ट म्हणजे पोलादाची पोकळ नळी. तिच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. लांब गाडीत शाफ्टचे दोन भाग करून मध्ये चॅसीला सेंटर बेअरिंग लावलेले असते आणि तिथे तिसरा जॉइंट येतो. प्रत्येक जॉइंटमध्ये एक क्रॉस, त्याच्या चार टोकांवर चार वाट्या आणि वाट्यांमध्ये बारीक सुई-रोलर असतात. मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यात वर-खाली झाला की कोनातला बदल जॉइंट सांभाळतात, तर लांबीतला बदल सरकती स्प्लाइन सांभाळते. यातला बिघाड आधी खुणा दाखवतो. त्या चुकीच्या वाचल्या की चांगले भाग बदलले जातात आणि खरा दोष तसाच राहतो.

गैरसमज : गाडी थरथरते, म्हणजे चाकांचे बॅलन्सिंग बिघडले.

वस्तुस्थिती : चाक आणि शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरतात. डिफरन्शियलचे गुणोत्तर चारास एक धरले, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चार फेरे होतात. सुमारे 70 सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी 80 किलोमीटर वेगाला सेकंदाला 10 फेरे घेते, तेव्हा शाफ्टचे 40 फेरे होतात. म्हणून पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टिअरिंगच्या हेलकाव्यातून कळतो, तर शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात बारीक, जलद थरथर आणि घुमणारा आवाज होऊन येतो. इंजिनाचा दोष वेगळा काढायचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर तोच वेग कायम ठेवून गिअर एकने खाली आणावा. इंजिनाचे फेरे बदलूनही थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. मग गाडीखाली पाहावे : नळीवर दगडाचा पोचा आहे का, वेल्डिंगने बसवलेली बॅलन्सची पट्टी निखळली आहे का. पावसाळ्यात नळीवर वाळलेला चिखलही तोल घालवतो. अशा वेळी शाफ्ट आधी धुऊन गाडी पुन्हा चालवून पाहावी.

गैरसमज : गिअर टाकताना 'खट्' झाले की क्रॉस गेला.

वस्तुस्थिती : असा आवाज झिजलेल्या क्रॉसचा असतो, तसाच कोरड्या स्प्लाइनचा, डिफरन्शियलमधल्या मोकळीकीचा, पाट्यांच्या झिजलेल्या बुशांचा किंवा तुटलेल्या माउंटिंगचाही असू शकतो. तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, चाकांना पुढून-मागून ओट लावावी, हँडब्रेक ओढून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. शाफ्ट हाताने उलटसुलट पिळून प्रत्येक जॉइंटच्या दोन्ही बाजू निरखाव्यात. एक बाजू हलली आणि दुसरी क्षणभर मागे राहिली, तर झोल त्याच जॉइंटमध्ये आहे. दोन्ही बाजू एकत्र हलून डिफरन्शियलचा फ्लँजही थोडा फिरला, तर ती आतल्या दात्यांची मोकळीक आहे आणि थोडी मोकळीक स्वाभाविक असते. वाटीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर पाणी आत शिरून रोलर गंजले आहेत. हळू चालताना येणारी आणि वेगाबरोबर जलद होत जाणारी 'चिर्र चिर्र' ही कोरड्या जॉइंटची खूण आहे.

गैरसमज : हाताला झोल लागत नाही, म्हणजे जॉइंट ठणठणीत.

वस्तुस्थिती : आखडलेल्या जॉइंटला झोल नसतो, पण तो निकामी असू शकतो. याची खात्री शाफ्टचे एक टोक सोडल्यावरच होते. योक दोन्ही दिशांना हळूहळू वाकवून पाहावा. चांगला जॉइंट सर्वत्र सारखाच फिरतो. मध्यावर येताच तो अडखळत असेल, तर रोलरांनी क्रॉसच्या पिनांवर चरे पाडले आहेत आणि क्रॉस बदलायलाच हवा.

गैरसमज : ग्रीस मारले की झिजलेला जॉइंट सुधारतो.

वस्तुस्थिती : ग्रीस झीज थांबवते, झालेली झीज भरून काढत नाही. ग्रीसिंगचा खरा उपयोग आवाज येण्यापूर्वीच असतो. लिथियमयुक्त, जास्त दाब सोसणारे 2 क्रमांकाचे ग्रीस साधारणपणे वापरतात. तरीही गाडीच्या पुस्तिकेतील सूचना अंतिम मानावी. निपल आधी पुसावे, नाहीतर त्यावरची माती ग्रीसबरोबर आत जाते. चारही वाट्यांच्या सीलमधून जुने, काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत गन चालवावी. तीनच वाट्यांतून ग्रीस आले, तर चौथी कोरडीच आहे. शाफ्ट थोडा हलवून पुन्हा प्रयत्न करावा. स्प्लाइनला निपल असेल तर तिथेही ग्रीस द्यावे. बिननिपलचे सीलबंद जॉइंट मात्र खराब झाल्यावर बदलावेच लागतात. सेंटर बेअरिंगचा रबर फाटला असेल, तर भरलेली गाडी उठताना हादरते. त्यावर ग्रीसचा उपाय नाही.

गैरसमज : पाटे वाढवले की गाडीची फक्त ताकद वाढते.

वस्तुस्थिती : पाटे वाढवल्याने गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि शाफ्टचा कोन बदलतो. कोन वाढला की रोलरांची धाव वाढते, झीज लवकर होते आणि रिकाम्या गाडीतही थरथर सुरू होते. नोंदणी पुस्तकातील भारक्षमता पाटे वाढवून वाढत नाही.

गैरसमज : शाफ्ट काढताना गाडी गिअरमध्ये ठेवली की पुरे.

वस्तुस्थिती : शाफ्ट सुटताच इंजिन-गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो आणि गिअरमधली गाडीही उतारावर घरंगळते. म्हणून ओट आणि हँडब्रेक हवेतच. काही गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असतो, तिथे केवळ ओटच गाडी धरते. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

गैरसमज : क्रॉस हातोडीने ठोकून बसवला तरी चालतो.

वस्तुस्थिती : ठोकताना एखादा सुई-रोलर आडवा पडतो आणि वाटीच्या तळाशी अडकतो. मग वाटी पूर्ण आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी जोर वाढवण्याऐवजी वाटी बाहेर काढून रोलर सरळ करावेत. वाट्या प्रेसने किंवा मजबूत व्हाइसमध्ये सरळ दाबाव्यात. हातोडीचा घाव नळीवर किंवा योकच्या कानांवर बसला, तर नवा क्रॉसही लवकर बिघडतो.

गैरसमज : शाफ्ट कसाही जोडला तरी फिरतोच.

वस्तुस्थिती : कोनात फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट वेग एकसारखा पुढे देत नाही. पुढची बाजू समान गतीने फिरली तरी मागची बाजू एका फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. 10 अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. एका जॉइंटने केलेला हा चढउतार दुसरा जॉइंट पुसून टाकतो, पण त्यासाठी दोघांचे कोन सारखे आणि नळीच्या दोन्ही टोकांचे योक ठरलेल्या रेषेत असावे लागतात. स्प्लाइन एका दात्यानेही चुकली तर ही जुळणी मोडते. म्हणून सोडण्यापूर्वी स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँज व योकवर रंगाने किंवा पंचने खुणा कराव्यात आणि जोडताना त्या अचूक जुळवाव्यात. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावेत, गाडी थोडी चालवून ते पुन्हा तपासावेत. त्यानंतरही थरथर राहिली, तर शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर तपासून घ्यावा.