वीणा करायला टाकताना

राळेगणसिद्धी म्हटलं की महाराष्ट्राला पाणी आठवतं. नालाबांध, पाझर तलाव, पारनेरच्या कोरड्या माळावर अडवलेला पाऊस. पण त्या गावातलं काम सुरू झालं ते देवळापासून. अण्णा हजारे 1975 साली लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले आणि आधी यादवबाबांच्या मोडकळीला आलेल्या मंदिराची दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून काढली. ते पाहून गाव हळूहळू हात लावायला पुढे आलं. या भागात देऊळ म्हटलं की भजन आलंच, आणि भजनात टाळ-मृदंगाच्याही आधी मान वीणेचा. ही वीणा कोणाच्या घरची नसते. वर्गणीतून येते, देवळात राहते, आणि गावातला ज्याचा पहारा असेल त्याच्या गळ्यात पडते.

हरिनाम सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की समाप्तीच्या काल्यापर्यंत ती खाली ठेवत नाहीत. दिवस-रात्र पहारे लागलेले असतात. पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वीणेचा पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो आणि तारा छेडणं सुरूच राहतं. मध्यरात्रीच्या पहाऱ्याला बारावीतला पोरगा उभा असतो, काकड्याला त्याचे आजोबा. दोघांची उंची वेगळी, खांदे वेगळे, गळा वेगळा. वाद्य मात्र तेच. गावाची वीणा करायला टाकणं अवघड आहे ते यामुळे, आणि दुकानात टांगलेली पहिली दिसेल ती उचलून आणू नये असं मला मनापासून वाटतं तेही यामुळेच.

हौशी वादकाचं काम त्या मानाने सोपं. युकुलेलेचंच घ्या. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ऊसमळ्यांवर मजुरीला निघालेली माणसं 1879 च्या ऑगस्टमध्ये ‘रेवन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला उतरली. त्यांत मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डायस आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. मजुरीचा करार संपल्यावर त्यांनी आपल्या बेटावरच्या छोट्या चारतारी वाद्यावरून, तिथल्या कोआ लाकडात हे नवं वाद्य घडवलं आणि राजा कालाकौआने त्याला दरबारात जागा दिली. आज कुणी स्वतंत्र कारागिराकडून युकुलेले करून घेतं तेव्हा लाकूड, तारेची लांबी, मानेची रुंदी हे सगळं एका माणसाच्या हाताला बघून ठरतं. आपल्या वीणेलाही ताराच चार, पण मापाला समोर अख्खं गाव.

हे माप समजणारे हात मिरजेत आहेत. तिथल्या वाद्यकामाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांपासून सांगतात. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्यांचं. इंग्रजी अंमलात तलवारींचं काम आटलं आणि तेच हात लाकडाकडे, तारांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवत, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच घडले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. 1937 मध्ये ते गेले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मुसलमान कारागिराने घडवलेली वीणा वारकऱ्याच्या गळ्यात रामकृष्णहरी म्हणते, यात इकडे कुणाला कधी काही वेगळं वाटलेलं नाही. ही या मुलखाची मोठी कमाई आहे.

वाद्याचा जीव भोपळ्यात. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमेकाठच्या रानांतून. भाजीचा नव्हे, कडू जातीचा, जाड सालीचा. वेलावर असतानाच तो बुडावर नीट बसवतात म्हणजे आकार कलत नाही. पक्का झाला की महिनोन्‌महिने वाळवायचा. ज्या वर्षी पाऊस अवेळी कोसळतो त्या वर्षी फळ वेलाखालीच सडतं, आणि कारागिराला हवा तो आकार मिळत नाही. चांगला भोपळा बोटाने टिचकी मारली की खणखणतो. आवाज बद्द आला तर तो बाजूला. मग पाण्यात भिजवून, तोंड कापून आतला गीर-बिया काढतात आणि आतून काड्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवतात.

दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हलकं, सरळ रेषांचं, वाळल्यावर फारसं न वाकणारं लाकूड. भोपळ्याला गळा, गळ्याला दांडी, वर तबली. सांध्यावर कोरलेली पानं नक्षीसाठी असतातच, पण तिथला जोडही ती झाकतात. पूर्वी तारा पेलणाऱ्या घोडीला सांबरशिंग आणि सजावटीला हस्तिदंत वापरत. दोन्हींवर कायद्याने बंदी आली आणि ते योग्यच झालं. आता हाडाची किंवा आबनुसाची घोडी असते, नक्षीला प्लास्टिकची पट्टी.

यानंतरचं काम मात्र घाईचं नाही. जवारी. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. तार त्या उतारावर पूर्ण टेकायची नाही आणि पूर्ण सुटायचीही नाही. कंप पावताना ती माथ्याला जेमतेम चाटत राहिली पाहिजे. कारागीर तार बाजूला सरकवतो, कानशीचे दोन हात मारतो, तार परत बसवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा काढतो. तारेखाली सुताचा धागा सरकवत जातो. एका जागी आवाज कोरडा, केसभर पुढे भणभण, आणि मधल्याच एका ठिकाणी स्वर उघडतो: एका तारेतून वरचे स्वर एकापाठोपाठ एक निघू लागतात. हे मोजायला पट्टी नाही. घरातल्या थोरल्या माणसाच्या कानावरच ते काम सोपवलेलं असतं.

बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि आता तो मोबाइलवर फुकट वाजतो. रियाजाच्या तानपुऱ्याचं गिऱ्हाईक त्यामुळे घटलं. सप्ताहाला मात्र मोबाइल उपयोगाचा नाही. तिथे माणसं वीणेच्या पाया पडतात, तिला आलिंगन देतात. ती अंगावर पेलायची वस्तू आहे. म्हणूनच ती नीट व्हायला हवी.

तेव्हा मिरजेला जाताना भजनी मंडळाच्या अध्यक्षांबरोबर मृदंगी बुवा आणि रात्रीचे पहारे करणारं एखादं पोरही न्यावं. कारागिराला आधी पट्टी सांगायची. भजन उघड्यावर, उंच पट्टीत चालतं. गवयाच्या ‘काळी एक’ या खालच्या पट्टीच्या मापाची दांडी आणि तारा तिथे ताणल्या की सारख्या तुटतात. मग वजन. भोपळा जितका मोठा तितका आवाज भरदार, पण तीन तास गळ्यात धरल्यावर म्हाताऱ्याची मान सांगते की मोठेपणा कुठे थांबवायचा. माझं मत विचाराल तर आवाज थोडा कमी घ्यावा, वजन कमी ठेवावं. पट्ट्याला कमी-जास्त करायची सोय मागून घ्यावी, खुंट्या घट्ट पण फिरत्या आहेत ना हे स्वतः पिळून बघावं. नक्षीवर खर्च करण्यापेक्षा एक जादा तारांचा संच बांधून आणावा.

आणि देवळात जुनी वीणा पडून असेल तर तीही बरोबर न्यावी, भोपळा चिरलेला असला तरी. दांडी सरळ असेल तर पुष्कळदा नवा भोपळा बसवून काम भागतं. नाही भागलं तरी दांडीवरचं पॉलिश कुठे झिजलंय, पट्टा कुठे घासलाय, घोडीवर कोणत्या तारेने खाच पाडलीय, एवढ्यावरून तुमच्या गावात वीणा कशी धरतात हे कारागिराला न विचारता कळतं, आणि नवीचं माप तो तिथूनच घेतो.