चोविसाव्या हिश्श्याची मोटार

लहान मुलाच्या हातातील खेळण्याची मोटार आणि प्रौढ माणसाच्या मेजावरील प्रमाणबद्ध मोटार या दोन वस्तू दिसण्यात कितीही सारख्या असल्या, तरी त्यांचे गोत्र भिन्न आहे. कारण खेळण्याने धावावे, आपटावे आणि यथावकाश मोडावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते, उलट प्रतिकृतीवर मूळ गाडीविषयी खरी साक्ष देण्याची जबाबदारी असते. ही साक्षीदार मोटार आयती मिळत नाही. साटा, तळ, इंजिन, आस, आसने, काचा आणि दिवे अशा सुट्या भागांच्या रूपाने ती एका पेटीत बंद होऊन येते. ते भाग घासून, रंगवून, जोडून तिला देहधारी करण्याचे काम विकत घेणाऱ्याचे असते, आणि या पेटीलाच छंदिष्टांच्या बोलीत ‘किट’ म्हणतात. चिकूच्या वाड्या, समुद्र आणि औष्णिक वीजकेंद्र यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या डहाणूत या छंदाचा विषय निघाला की ‘एवढे करून शेवटी ती चालत नाहीच ना?’ असा प्रश्न हटकून येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागते.

या छंदाचा उगम मात्र कलेच्या नव्हे, व्यापाराच्या दप्तरात सापडतो. १९४९ साली ब्रिटनमधील एअरफिक्स या कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लास्टिकची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींना गिऱ्हाइकापुढे ठेवता यावी म्हणून. पुढे तीच प्रतिकृती सुट्या भागांच्या रूपात सामान्य माणसाला मिळू लागली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील एएमटी या कंपनीनेही १९४८ पासून मोटारविक्रेत्यांच्या दुकानांसाठी नव्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती पुरवल्या, आणि १९५८ मध्ये एकाच पेटीतून तीन निरनिराळ्या तऱ्हांनी जोडता येईल असे किट बाजारात आणून या छंदाला तेथील तरुणांच्या घराघरांत नेले. जपानमधील शिझुओका शहरातील तामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, लाकडी प्रतिकृतींकडे वळली आणि १९६० मध्ये प्लास्टिककडे आली. तिच्या शुनसाकू तामिया यांनी पोर्श मोटारीची प्रतिकृती बिनचूक व्हावी यासाठी खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करवली, भागन् भाग मोजवला, आणि त्या अभ्यासातून १९७६ ची बाराव्या हिश्श्याची पोर्श ९३४ सिद्ध झाली. आधी निरीक्षण, मग मोजमाप आणि सर्वांत शेवटी निर्मिती हा जो शिरस्ता त्या खटाटोपात दिसतो, तोच माझ्या मते या छंदाचा मूळ धर्म होय.

बाराव्या किंवा चोविसाव्या हिश्श्याची भाषा प्रथम ऐकणाऱ्याला दुर्बोध वाटते, परंतु तिचा हिशेब सरळ आहे. खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच धरला की चोविसावा हिस्सा होतो; अमेरिकी कंपन्यांनी पंचविसावा हिस्साही रूढ केला; आणि त्रेचाळिसावा हिस्सा फुटाला सात मिलिमीटर या खेळण्यातल्या आगगाडीच्या जुन्या मापावरून आलेला आहे. सुमारे ४.३ मीटर लांबीची अॅम्बॅसॅडर चोविसाव्या हिश्श्यात १८ सेंटिमीटरची होते, आणि ३.९ मीटरची प्रीमियर पद्मिनी सव्वासोळा सेंटिमीटरची, म्हणजे साधारण ओंजळीत मावेल एवढी.

हे भाग घडतात ते पोलादी साच्यात. साच्याचे दोन अर्धे घट्ट मिटवून त्यांच्यामधील पोकळीत वितळलेले पॉलिस्टिरीन प्रचंड दाबाने सोडतात, ते निवाले की साचा उघडतो, आणि सर्व भाग एका चौकटीला लटकलेले असे बाहेर येतात. दोन अर्धे जेथे मिळतात तेथे प्रत्येक भागावर केसासारखी रेघ उमटते, आणि भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे वाटोळे ठसेही राहतात. या रेघा आणि हे ठसे पॉलिशपेपरने निपटून काढणे हे नवशिक्याचे पहिले कर्तव्य. पोलादात जे खोल कोरावे ते वस्तूवर उठून दिसते, म्हणून साचा करणाऱ्याला सदैव उलटा विचार करावा लागतो; आणि हे सांगताना मला दूर जपानकडे बोट दाखवण्याची गरज भासत नाही, कारण आमच्याच तालुक्याच्या किनारपट्टीवर, चिंचणी, वरोर, वाढवणच्या पट्ट्यात, सोनारांसाठी दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर हीच उलटी विद्या जगत आले आहेत. त्यांच्या डायवर पत्रा ठोकून नक्षी उठवतात आणि किटच्या साच्यात प्लास्टिक भरतात, एवढाच काय तो भेद; नखाएवढ्या जागेत पोलाद कोरताना लागणारी नजर आणि संयम दोन्हीकडे तेच.

जोडण्याचा पदार्थही ध्यानात घेण्याजोगा आहे. किटसाठी मिळणारे पातळ सिमेंट चिकटवीत नाही, तर प्लास्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवते, आणि द्रावक उडून गेला की दोन्ही भाग एकजीव होतात. म्हणून ते थेंबाने नव्हे, कुंचल्याच्या टोकाने लावायचे, आणि खिडकी उघडी ठेवून लावायचे, कारण त्याची वाफ फुप्फुसांना हितकर नाही. पारदर्शक काचांना मात्र हे सिमेंट लावू नये, आणि फेविक्विकसारखा झटपट गोंदही लावू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरट धुके चढते. तेथे आपला सुताराचा पांढरा फेविकॉल अल्प प्रमाणात वापरावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बहुतेक लोक समजतात की प्रमाण हे लांबीरुंदीपुरते असते आणि ती जबाबदारी साचा करणाऱ्याने उचललेली असल्यामुळे आपण केवळ जोडण्याचे मानकरी आहोत. वास्तविक प्रमाणाचा अंमल रंगावर, चकाकीवर, धुळीवर आणि अखेर करणाऱ्याच्या हौसेवरही चालला पाहिजे. खऱ्या मोटारीवरील रंगाचा थर सुमारे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका असतो. तेवढाच थर आपण प्रतिकृतीवर दिला, तर चोविसाव्या हिश्श्याच्या हिशेबाने त्याची जाडी २.४ मिलिमीटर होते, दरवाजांच्या फटी बुजतात, आणि ती मोटार रंगवलेली न दिसता रंगात बुडवलेली दिसते. गाड्यांच्या दुकानातला धातूच्या कणांचा रंग आणून मारला, तर तो एकेक कण त्या छोट्या गाडीवर खड्यासारखा चमकतो. किटच्या बंपरवर निर्वात पेटीत चढवलेला अॅल्युमिनियमचा मुलामा आरशासारखा लखलखतो, परंतु रस्त्यावरची दहा वर्षे जुनी गाडी कधी तशी लखलखते काय? म्हणून तो मुलामा ब्लीचमध्ये बुडवून उतरवावा आणि मंद रुपेरी रंग द्यावा, असे माझे मत आहे, आणि ते पुष्कळांना रुचत नाही, हेही मला ठाऊक आहे.

भागांच्या संख्येवरून किटची प्रतवारी लावण्याची जी चाल पडली आहे, तीही मला मान्य नाही. जोडून झाल्यावर जे कायमचे झाकले जाणार त्या गिअरबॉक्सचे वीस तुकडे देणारे किट, छताचा उतार आणि चाकांची जागा चुकवत असेल, तर ते विद्वान असूनही खोटे बोलणाऱ्या साक्षीदारासारखे आहे. मोटार ओळखू येते ती तिच्या ठेवणीवरून: चाके मडगार्डमध्ये किती आत बसली आहेत, पुढचा भाग किती वाकला आहे, खिडकीची चौकट किती बारीक आहे. खऱ्या गाडीचा पत्रा मिलिमीटरहून पातळ असतो. किटचे प्लास्टिक मात्र मिलिमीटरभर जाड असले तरी प्रमाणात ते इंचभर जाडीचे ठरते, म्हणून चाकांच्या कमानींच्या आणि खिडक्यांच्या कडा आतून तासून पातळ करण्यात घातलेली संध्याकाळ ही नवे किट विकत घेण्यापेक्षा अधिक फलदायी होते.

आमच्या हवेचा या कामावर मोठा अधिकार चालतो. समुद्रकाठच्या दमट हवेत लॅकर जातीचा रंग फवारला की त्यातील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभागाची उष्णता हरण करतो, थंड झालेल्या त्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प साचते, आणि गर्द काळ्या गाडीवर दुधाळ साय चढते. यावर मंद उडणारा थिनर हा इलाज आहे, परंतु त्याहून उत्तम इलाज म्हणजे पंचांगाचे ऐकणे: मृगापासून नवरात्रापर्यंत घासणे, लांबी भरणे, इंजिन आणि आसने हाताने रंगवणे ही कामे उरकावीत, आणि साट्याचा अंतिम रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावा. सक्तीने आलेल्या या विलंबाने हौशी माणसाचा उतावीळपणा आपोआप आवरला जातो.

निरीक्षणाच्या बाबतीत मात्र डहाणू-तलासरीच्या माणसाला मोठ्या शहरातल्या छंदिष्टाने हेवा करावा अशी सोय आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, जो पूर्वी आठ क्रमांकाचा होता आणि आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा आहे, तो चारोटीवरून, तलासरीवरून, अच्छाडची हद्द ओलांडून गुजरातेत उतरतो, आणि दापचरीपाशी तर निम्म्या हिंदुस्थानचे ट्रक संथ गतीने डोळ्यांसमोरून सरकतात. सुरक्षित अंतरावर, चहाच्या टपरीशी उभे राहून नीट पाहिले तर ध्यानात येते की धूळ सर्वत्र सारखी बसत नाही. ती चाकांच्या मागे पंख्याच्या आकाराने उडालेली असते, दरवाजाच्या मुठीभोवती हाताने पुसली गेलेली असते, काचेवर वायपरने दोन चंद्रकोरी सोडलेल्या असतात. तपकिरी रंगाचा सरसकट फवारा मारून गाडी ‘जुनी’ करणाऱ्यांनी हा देखावा पाहिलेला नसतो. काळाचेही भान याच निरीक्षणातून येते. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास मनाई केली. तेव्हा त्यानंतरच्या महाराष्ट्रातील ट्रकच्या प्रतिकृतीवर ते शब्द रंगवणे म्हणजे दस्तात खोटी तारीख घालणे होय. ‘एमएच’ अक्षरांच्या पाट्या १९८९ च्या सुमारास आल्या, आणि ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४ पासूनचे. म्हणून १९६५ सालच्या फियाट टॅक्सीवर यांपैकी काहीही आढळता कामा नये.

याच पद्मिनीपाशी या छंदातील आपली उणीव उघडी पडते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून बाहेर पडलेली, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून कित्येक पिढ्यांना वाहून नेणारी आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्या सेवेतून निवृत्त झालेली ही गाडी आमच्या आयुष्याचा भाग आहे. परंतु परदेशी किटच्या यादीत पाने उलटावी तो फोर्ड, पोर्श आणि निसान यांचीच मांदियाळी दिसते. कोलकात्यात ‘निकी टॉइज’ या नावाने ब्रिटनच्या डिंकी कंपनीचे वापरून झालेले साचे आणून धातूच्या गाड्या ओतल्या गेल्या, दिल्लीच्या सेंटीने प्लास्टिकची अॅम्बॅसॅडर आणि रिक्षा लोकांच्या हाती दिली. पण ही सारी आयती खेळणी, घडवण्याचा आनंद देणारी किटे नव्हेत.

ही उणीव महाराष्ट्रातील तरुणांनी आपल्या परीने भरून काढलेली आहे, आणि मला त्यांचे कौतुक परदेशी किटांहून अधिक वाटते. गावोगावची कॉलेजची मुले सनबोर्ड आणि पुठ्ठा कापून एसटीच्या लाल बस घडवतात. त्यांना पेटी नाही, सूचनापत्र नाही, साचा नाही. आगारात उभी असलेली बस हेच त्यांचे मूळ आणि मोजपट्टी हेच त्यांचे भांडवल. अकरा मीटर लांबीची बस चोविसाव्या हिश्श्यात साधारण ४६ सेंटिमीटरची होते, तेव्हा खिडक्यांची विभागणी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी शेवटची खिडकी मागच्या भिंतीबाहेर जाते, आणि हा हिशेब ती मुले स्वतःच शिकतात. पोर्श सुटी करणाऱ्या तामियांचा शिरस्ता तो हाच.

म्हणून या छंदात पडू इच्छिणाऱ्याला माझा सल्ला असा की, चार आकडी किमतीचे परदेशी किट प्रथम घेऊ नये. एक चाकू, दोन प्रतींचा पॉलिशपेपर, चिमटा, मोजपट्टी आणि सनबोर्डाचा एक तुकडा एवढ्यावर प्रारंभ करावा, आणि रोज दारावरून जाणारी एखादी गाडी निवडावी; किट मागाहून घ्यावे, म्हणजे त्याच्या चुका दिसू लागतील. चालत नसलेल्या मोटारीचा उपयोग काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे: तिचा उपयोग पाहायला शिकवण्याचा. ते शिक्षण पुरे झाले की नाही, याची परीक्षा प्रदर्शनातील पारितोषिकाने होत नाही. केलेली बस घेऊन डहाणूच्या आगारात जावे आणि एखाद्या जुन्या मेकॅनिकपुढे ठेवावी. त्याने ‘छान आहे’ म्हटले तर अजून काम बाकी आहे असे समजावे, आणि ‘मागच्या पाट्यात एक पान कमी बसवलंय रे,’ असे त्याने सुनावले, तर त्याने ती खरी बस मानली, हे ओळखून समाधानाने घरी परतावे.